पडण्याची माझी कला

समस्त झाशीकरांना, आणि विशेषतः सीपरी बाजारातल्या ज्या शेजाऱ्यांनी आजवर आपले फ्रीज, कूलर आणि गव्हाच्या कोठ्या माझ्या पाठीवरून जिने चढवल्या त्यांना, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की प्रस्तुत गृहस्थाने यापुढे अर्ध्या बादलीहून अधिक काहीही उचलू नये, असा हुकूम निघाला आहे.

हुकूम काढणारे डॉक्टर सदर बाजारात बसतात. वयाने माझ्या मुलीएवढे. माझ्या खांद्याचा फोटो उजेडात धरून बघताना ते पेरू खात होते.

"आणि बादली पूर्ण भरलेली असली तर?" मी विचारलं.

"तो आधी खाली कर दीजिए, अंकल," ते म्हणाले आणि पेरूला मीठ लावलं.

आता खांदा कसा गेला ते सांगतो. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिचं लोखंडी कपाट आमच्या झोपायच्या खोलीत होतं आणि सकाळी डोळा उघडला की आधी तेच दिसायचं. एका रविवारी ठरवलं, हे बाहेरच्या खोलीत न्यायचं. शेजारी दोन तरणे भाऊ राहतात, हाक मारली असती तर धावत आले असते. पण ज्याने त्यांचा कूलर एकट्याने गच्चीवर नेला त्याने त्यांना हाक मारायची? मी कपाटाला मिठी मारली, उचललं, दारापर्यंत नेलं, आणि तिथे उजव्या खांद्यात काहीतरी जुनं कापड फाटल्यासारखं फाटलं. कपाट दारातच तिरकं अडकलं. तेव्हापासून मी पोट आत घेऊन, कपाटाला पाठ घासत झोपायला जातो.

ताकदीबद्दल माझा एक जुना गैरसमज होता, तोही सांगून टाकतो. बायको आजारी होती तेव्हा मी तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात उचलून न्यायचो. दर महिन्याला ती उचलायला सोपी होत गेली. मी खुशाल तिला म्हणायचो, बघ, बावन्नाव्या वर्षी माझी ताकद वाढतेय. ती हसायची. तिला कळलं होतं. मला फार उशिरा कळलं.

आमचं घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि आमचा कॅथलिक धर्म, पितळी डबे आणि मराठी घेऊन आले. चर्चमध्ये सगळं हिंदीत चालतं, मी काम करतो त्या कारखान्यात हिंदी, बाजारात बुंदेली. मुलगी बंगळुरूला असते. मी फोनवर मराठीत बोलतो, ती सगळं समजते आणि हिंदीत उत्तर देते. "पापा, किसी को बुला लिया करो ना." मराठी बोलायची ती बायकोच. ती गेल्यावर घरात मराठीत बोलायला एक देवबापच उरला. तो उत्तर कुठल्या भाषेत देतो हे अजून कळलेलं नाही, पण निदान मध्येच फोन ठेवत नाही.

आता क्रूस. आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला दुपारी क्रूसाची वाट चालतात. चौदा ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी ख्रिस्ताच्या अखेरच्या वाटेवरचा एक प्रसंग वाचायचा, प्रार्थना म्हणायची, गीत म्हणत पुढे. वाटेत ख्रिस्त तीनदा पडतो. सोळा वर्षं क्रूस मी वाहिला. पहिल्या वर्षी जो क्रूस दिला तो प्लायवुडचा होता, वाऱ्याने हलायचा. मला अपमान वाटला. पुढच्या वर्षी मी बरुआसागरच्या एका सुताराकडून सागवानी तुळईचा क्रूस करवून आणला, इतका जड की माझ्याशिवाय कुणाला एकट्याला उचलता येऊ नये. मागच्या फादरांनी कौतुकाने त्याला आशीर्वाद दिला. क्रूसाला, म्हणजे. मी आपला शेजारी उभा राहून थोडासा घेतला.

आणि पडणं. पडण्यात माझा हात धरणारा बुंदेलखंडात कुणी नव्हता. तिसऱ्या ठिकाणी एक गुडघा. सातव्या ठिकाणी दोन्ही गुडघे आणि एक हात. नवव्याला पूर्ण आडवा, गाल रस्त्याला, आणि मग सावकाश उठणं. बायका रडायच्या. एका वर्षी वाहतूक थांबवणारा हवालदारही डोळे पुसत होता. वर्षातून तो एक दिवस लोक माझी वाट बघायचे. उरलेल्या दिवसांत, खरं सांगायचं तर, बायको गेल्यापासून वाट बघणारं कुणीच नव्हतं. म्हणून डॉक्टरांचा हुकूम मी कुणालाही सांगितला नाही. क्रूस दुसऱ्याच्या खांद्यावर गेला असता तर मी चर्चमध्ये कोण होतो? मागच्या बाकावरचा एक विधुर.

चाळीस दिवसांच्या उपवासात मी रोज एकच प्रार्थना केली. देवबापा, एक दुपार दे. तीन तास खांदा दे, नंतर परत घे. सौदा मला रास्त वाटत होता. खांदा मात्र शर्टाच्या बाहीत हात घालतानाही कण्हायचा.

गुड फ्रायडे उजाडला. झाशीचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल तर वेगळं सांगत नाही. मी वेदनेची गोळी घेतली, क्रूस डाव्या खांद्यावर घेतला आणि निघालो. नव्या फादरांचं हे इथलं पहिलंच वर्ष. ते पुस्तकातून वाचत पुढे चालले होते. तिसऱ्या ठिकाणी एक गुडघा टेकून मी उठलो, पण उठताना डोळ्यांपुढे पिवळं झालं. पाचव्या ठिकाणी सायमन येतो, ज्याला शिपाई ख्रिस्ताचा क्रूस वाहायला लावतात. हे काम आमच्याकडे एक निवृत्त कारकून करतात, दम्याचे, काडीसारखे. दरवर्षी त्यांनी तुळईच्या शेपटीला हात लावायचा आणि वजन मी घ्यायचं, असा आमचा अलिखित करार होता.

या वर्षी ते हळूच म्हणाले, "भैया, पसीना बहुत आ रहा है. थोड़ा मुझे दे दो."

"आप बस हाथ रखिए."

"सोलह साल से हाथ ही तो रख रहा हूँ," ते पुटपुटले. मी न ऐकल्यासारखं केलं.

सहावं ठिकाण झालं. सातवं यायला अजून वीसेक पावलं होती आणि मी पडलो. कला वगैरे काही नाही. पोतं पडतं तसा. क्रूस पाठीवर, उजवा हात अंगाखाली, तोंड डांबरात. फादर क्षणभर थांबले, त्यांना वाटलं ठिकाण इथेच असेल. त्यांनी पान उलटलं आणि सातवं ठिकाण वाचायला घेतलं. ख्रिस्त दुसऱ्यांदा पडतो. मंडळी गुडघ्यावर आली. प्रार्थना झाली. गीताची तीन कडवी झाली. माझ्या पाठीवर सागवान होतं आणि सभोवती दीडशे माणसं अत्यंत भक्तीने माझ्या उठण्याची वाट बघत होती. इतका एकटा मी त्या रिकाम्या घरातही कधी नव्हतो.

मी म्हणालो, "देवा, उठता येत नाही." मराठीत. दुखलं की मला दुसरी भाषा सुचत नाही. माझ्या जवळच्या बाईने हुंदका दिला. तिला ते ख्रिस्ताच्या मूळ भाषेतलं वाटलं, असं तिनेच नंतर सांगितलं.

आणि तिथे, गाल तापलेल्या रस्त्यावर असताना, मला एक साधी गोष्ट दिसली. त्यालासुद्धा नव्हतं झेपलं. देवाच्या पुत्राला. वाटेतच दुसऱ्या माणसाचा खांदा लागला होता, आणि तो घेताना त्याने कुणाला "बस हाथ रखिए" म्हटलं नव्हतं. सोळा वर्षं मी त्या प्रसंगात उभा राहत होतो आणि माझं सगळं लक्ष पुढच्या पडण्यावर होतं. चाळीस दिवस मी ताकद मागत होतो. देवाने दिला तो रस्ता, आणि त्याला टेकलेला माझा गाल. मग मी तिथून जे मागता येण्यासारखं होतं ते मागितलं. मोठ्याने, हिंदीत, जे वाक्य मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, ज्या दोन भावांना हाक मारायला हवी होती त्यांनाही नाही:

"मुझसे नहीं उठेगा. कोई उठाओ."

कुणी हललं नाही. मग सायमन, म्हणजे आपले कारकून, ओरडले, "अरे, यह नाटक नहीं कर रहा है, यह सच में गिरा है." आणि त्या दम्याच्या माणसाने सगळ्यांच्या आधी तुळईखाली खांदा घातला. मागून पाच जण आले. क्रूस माझ्यावरून उठला तेव्हा जी हवा लागली तिच्यासाठी मी अजून देवाचे आभार मानतो. सहा जण तो घेऊन गेले, पायात पाय अडकवत, एकमेकांना "अरे धीरे" म्हणत, अजिबात भक्तिभाव नसल्यासारखे. मला कुणीतरी कडुनिंबाखाली बसवलं.

जिने हुंदका दिला होता ती सत्तरीची बाई माझ्याजवळ बसली. तिने बाटलीतलं पाणी पदरावर ओतून माझा गाल पुसला, डांबराचे खडे एकेक काढले. मी तिच्याकडे बघून रडायला लागलो, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा ते कुणासमोर होत होतं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिला राहवेना.

"सच कहें भैया," ती म्हणाली, "पिछले साल वाला गिरना ज़्यादा अच्छा था."