मोटारीची दुसरी किल्ली

आमच्या मोटारीची किल्ली कानबाईबरोबर पाण्यात गेली, आणि तिच्यामागोमाग माझी नोकरीही जाता जाता राहिली. आता हसू येतं. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ही गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची, धरणगावची. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कापसाचा व्यापार होता. जळगावच्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाकडून त्यांनी जुनी मोटार घेतली, तिच्याबरोबर किल्ली एकच आली. मोटार आबा स्वतः हाकायचे. हाकायचेच म्हणते, कारण जन्म गेला बैलगाडीत. वळण आलं की तोंडातून "होऽ होऽ" निघायचं आणि मग पायाला ब्रेक आठवायचा. मागच्या बाकावर आई डोळे मिटून बसायची. काय दिवस होते ते!

मी तेव्हा माहेरी परत आले होते. अंगाची हळद नीट उतरली नव्हती तोच नवरा तापानं गेला. माहेरी मला कमी काही नव्हतं, उगाच का खोटं बोलू? पण दिवस जाता जात नव्हता. मी फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेली होते. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली, अर्ज केला, आणि तिथल्या मोठ्या बाईंनी बोलावलंसुद्धा. बुधवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. राहायची सोय बाईंच्याच घरी, देवपुरात. आबा किती दिवस हो म्हणेनात. शेवटी म्हणाले, "जायचं तर आपल्या मोटारीतून. माझी पोर भाड्याच्या सर्व्हिस मोटारीत कोंबून पाठवणार नाही मी." हा होकार होता की नकार, ते त्यांनाच ठाऊक. मी मात्र होकार धरून ट्रंक भरायला घेतली.

त्या बुधवाराच्या आधीच्या रविवारी घरी कानबाई बसली. आम्हा खानदेशातल्या माणसांची ही श्रावणातली देवी. रविवारी बसते, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर जाते. सगळी भावकी गोळा झालेली, नैवेद्याच्या रोटांच्या खमंग वासानं घर भरलेलं. मी आपली चुलीपाशी. माझ्यासारखीनं देवीच्या चौरंगाजवळ जायचं नाही, असा रिवाज. त्यामुळे आईनं काय करून ठेवलं होतं ते मला दिसलंच नाही. पोर एवढ्या लांब जाणार, मोटारीवर देवीचा हात राहू दे, म्हणून तिनं खुंटीवरची किल्ली काढून, हळदकुंकू लावून कानबाईच्या पायाशी ठेवली होती. सोमवारी बायकांनी पानंफुलं टोपलीत भरली आणि गावाबाहेरच्या नाल्यात सोडून आल्या. नाल्याला तांबडंलाल पाणी, दोन्ही काठ भरलेले.

दुपारी आबा मोटार पुसायला निघाले तर खुंटीला किल्ली नाही. शोधाशोध झाली. मग आईनं कपाळावर हात मारला.

"माय वं! ती तं पानीमा गई!"

मग आई हळूच म्हणाली, "कानबाई लई गई किल्ली. तिना मनमा नही शे, पोरी." देवीच्याच मनात नाही म्हटल्यावर भाऊबंदांच्या बायकांनी माना डोलावल्या. आबा ओट्यावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "बरं, पुढच्या साली पाहू."

त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते मला फार लागलं. पुढच्या साली! जागा काय माझी वाट बघत बसणार होती? मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते, पण त्या दिवशी डोकंच फिरलं.

"आई, किल्ली तू ठेवलीस. कानबाई मागायला आली नव्हती!"

आईचा चेहरा एवढासा झाला. मला तेव्हा तिची दया आली नाही, आज येते.

शेजारचा एक जण म्हणाला, तारा तोडून चालू करून देतो. आबांनी त्याला हाकलून दिलं. तेव्हा मी डोक्यावरून पदर घेतला आणि निघाले. माहेरी आल्यापासून भर दुपारी मी पेठेत पाऊल टाकलं नव्हतं. दुकानदार वजनं हातात धरून बघत राहिले. बघेनात का! कापसाच्या बाजाराशी एक चाचा बसायचे, ट्रंकांची आणि गोदामांची कुलपं दुरुस्त करायचे. त्यांना म्हटलं, "चाचा, मोटारीची किल्ली करून देता?"

चाचांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि आले. मोटारीत डोकावून किल्लीची जागा पाहिली, बोट फिरवलं, म्हणाले, "होईल." मला वाटलं, सुटले! पण ते काही हात लावीनात. ओट्यासमोर जाऊन उभे राहिले.

"भाऊ, तुम्ही सांगा."

"पोरीनं सांगितलं ना?" आबा म्हणाले.

"पोरीनं बोलावलं म्हणून आलो. किल्ली मालक बोलल्याशिवाय होत नाही. बापाची शिकवण आहे. मालकानं आपल्या तोंडानं सांगायचं, चार माणसांसमोर."

झालं! इतके दिवस आबांनी जे धड तोंडातून काढलं नव्हतं, तेच चाचा मागत होते. ओट्यावर घरचे, दारात शेजारी. पाऊस भुरभुरत होता. मी खांब धरून उभी होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं. पागोटं डोक्यावर ठेवलं.

"कर," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "दोन कर."

चाचांनी पितळेची पट्टी दिव्याच्या काजळीत काळी केली, खाचेत घालून हलक्या हातानं फिरवली, बाहेर काढून जिथं काजळी पुसून चकाकलं तिथं कानस मारली. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. दिवेलागणीला आई उठली आणि न बोलता त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली. मोटार घुरघुरली तेव्हा पहिल्यांदा तीच रडली.

मंगळवारी धुळ्याला पोचलो. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात बाईंच्या दारात ट्रंक उतरवली, आणि आबांनी खिशातून दुसरी किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"मला काय करायची आबा? मला कुठं चालवता येते?"

"घरात ठेवली तर तुझी आई हीसुद्धा कानबाईला देईल," म्हणाले, आणि वळून चालू लागले.

नोकरी लागली. मुली "बाई, बाई" करत मागं फिरू लागल्या. दिवाळीची सुट्टी लागली तरी मी धरणगावला जायचा विचार केला नव्हता. सणाच्या घरात माझ्यासारखीनं कुठं बसायचं आणि कुठं नाही, ते सगळं पुन्हा नको वाटत होतं. तसं बाईंना सांगूनही टाकलं होतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी दारात मोटार वाजली. आबा पायरीशी उभे, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. आत येईनात, बसेनात, माझ्याकडे बघेनातही.

"माझी किल्ली हरवली," म्हणाले. "तुझी घेऊन चल. त्याशिवाय मोटार घरी कशी न्यायची?"

मोटार त्यांच्या मागं उभी होती, नुकतीच थांबलेली, पुढून वाफ निघत होती. धरणगावाहून इथवर काय ढकलत आणली होती? ओठावर आलं होतं, पण मी काही विचारलं नाही. किल्ली आणून त्यांच्या हातात दिली आणि लुगडी बोचक्यात बांधायला आत गेले.