मी न वाजवलेला बास

आमच्या घरात भुताखेतांचा विषय निघाला की आई एवढंच म्हणायची, "ते आपल्यातलं नाही." आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. मीही जन्मभर तसाच वागलो. वाचकांच्या गूढ अनुभवांची अशी सदरं मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. कोणी सांगितलं की पिंपळाखाली बाई दिसली, तर माझा पहिला प्रश्न — तुमचा चष्मा डोळ्यांवर होता का? त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे. पण घडलं ते घडलं… आणि त्यात माझा हात आहे असं मला अजून वाटतं, म्हणून लिहितो.

मी यवतमाळला राहतो. नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये, वजनकाट्यावर. घरी मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करतो. भिंतींना टेकवलेल्या जुन्या गाद्या, एक लॅपटॉप, एक माइक आणि माझी इलेक्ट्रिक गिटार, एवढाच स्टुडिओ. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत नवीन गाणी लागतात. यंदा आमच्या वस्तीचं गाणं माझी मुलगी अस्मिता गाणार होती. तिचं पहिलंच गाणं. चाल माझी.

जयंतीचं गाणं मिरवणुकीत डीजेवर वाजतं. त्यात बास, म्हणजे खालचा घुमणारा सूर, नसला तर लोक उभे राहून ऐकतात, नाचत नाहीत. आणि माझ्याकडे बास गिटार नाही. ती आहे प्रदीपकडे.

प्रदीप माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा लहान. ढाणकीला कृषी केंद्र चालवतो. त्याला गिटार मी शिकवली, आमच्या गच्चीवर, बोटं धरून धरून. मग त्याने बास हातात घेतला आणि मला मागे टाकून निघून गेला. ऑर्केस्ट्रावाले त्याला शोधत ढाणकीला जातात. मला लग्नाकार्यात लोक विचारतात, "तुम्ही प्रदीपचे भाऊ ना?" त्याची एक लकब आहे. सम आली की तो लगेच वाजवत नाही. किंचित थांबतो आणि मग खालून घसरत सुरावर येतो. ऐकणाऱ्याच्या पोटात हलतं. मी कित्येक वर्षं ते चोरून बसवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

गाण्याचं कळल्यावर त्याचा फोन आला.

"दादा, येऊ का बास घेऊन? पोरीचं पह्यलं गाणं आहे."

"एवढ्या लांब कशाला येतो? मी गिटारवरच काढतो बास."

"गिटारवर?" तो हसला. "कायले त्रास करून घेता? डुगडुग वाजीन ते."

प्रेमानेच म्हणाला होता. मला मात्र ते दिवसभर बोचत राहिलं.

गिटारवर बास निघतो, पण त्याला फार लाड करावे लागतात. टोनचं बटण पूर्ण बंद करायचं. नखी टाकून अंगठ्याच्या मांसाने वाजवायचं. तारा जुन्याच ठेवायच्या, नव्या फार चमकतात. मी तर तारांखाली, शेवटाला, अस्मिताच्या जुन्या ओढणीचा तुकडा कोंबला होता, सूर लांबू नये म्हणून. एका वेळी एकच सूर. दोन वाजले की चिखल होतो. मग हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये एक सप्तक खाली उतरवायचं. एवढं करूनही मोबाइलवर ऐकलं तर बास गायब, आणि मोठ्या बॉक्सवर ऐकलं तर नुसता गडगडाट. ढोल कुठला आणि बास कुठला, समजत नव्हतं.

अस्मिताने दोन-तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, पिंप वाजवल्यासारखं वाटून राह्यलं."

"होईल नीट."

"मी जाऊ का ढाणकीले? काका एका दिवसात करून देतील."

मी म्हटलं, जा. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या आईला सांगू लागली की काका कसे नुसत्या एका बोटाने गाणं उचलतात. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. रविवारची दुपार होती. आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा आणि कूलर दोन्ही बंद. घामाने गिटार मांडीला चिकटली होती. बाहेर कोणाची तरी ऑटो रिव्हर्स येत होती. तेव्हा मी मनात एक गोष्ट म्हटली. ती जशी म्हटली तशीच लिहितो — त्याच्या हातातलं ते माझ्या हातात यावं… आणि त्याच्या हातात राहू नये.

नुसतं 'मला यावं' एवढं म्हणून थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

मग मी पुन्हा वाजवलं. साधंच, समेवर एक सूर, मध्ये एक सूर. रेकॉर्ड झालं, सप्तक खाली उतरवलं, हेडफोन लावला. पहिल्या ओळीच्या शेवटी सम आली आणि सूर आलाच नाही. किंचित थांबला. मग खालून घसरत वर आला.

मी हेडफोन काढून गिटारकडे बघत बसलो.

मूळ रेकॉर्डिंग ऐकलं, ते माझंच होतं, साधं, ठोकळेबाज. तेच पुन्हा सप्तक खाली उतरवलं, तर प्रत्येक ओळीला ते थबकणं आणि ती घसरण. उतरवलेली प्रत पुसली, नव्याने उतरवली. तेच. दुसऱ्यांदा वाजवून रेकॉर्ड केलं, ते मात्र खाली उतरवूनही पिंपासारखंच वाजलं. त्या एकाच खेपेत ते होतं.

अस्मिता आत आली. मी हेडफोन तिच्या कानाला लावला.

"काका येऊन गेले?"

"नाही."

"मग हे कोणी वाजवलं?"

"मी."

तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं ती आजवर फक्त प्रदीपकडे बघत आली होती. ते मला हवंच होतं. मी ते घेतलं.

पुढच्या आठवड्यात गाणं तयार झालं आणि तिने हट्ट धरला की काकांना समोर बसून ऐकवायचं. मी टाळत होतो, पण शेवटी एसटीने दोघं ढाणकीला गेलो. दुकानात बियाण्यांच्या पोत्यांवर बसून प्रदीपने डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं.

"मस्त," तो म्हणाला. "पोरीचा आवाज खुलला. अन् बास साधा, सरळ ठेवला तुम्ही. तसाच पाह्यजे."

"आणि ती घसरण, काका?" अस्मिता म्हणाली.

"कोणती घसरण?"

तिने हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावली, एक त्याच्या. गाणं पुन्हा लावलं. "ही. आत्ता आली ती."

"काही नाही आली," प्रदीप म्हणाला. "साधा सूर आहे. खोटं बोलून काय भेटणार मले?"

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा त्याला करता येत नाही. आणि मला त्या क्षणी काय वाटलं? सुटलो, असं वाटलं. त्याला ऐकूच येत नाही तर सांगायची गरज नाही.

पण तो उठला आणि मागून बास घेऊन आला. "पोरी, तुह्या गाण्यासाठी मी बी एक बसवून ठेवलं होतं. म्हटलं दादानं बोलावलं तर वाजवीन." वाजवायला लागला. ओळ सरली, सम आली, तो थांबला… आणि हात थांबलेलाच राहिला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. बोटं तारेवर होती, पण पुढे जात नव्हती.

"इथं काहीतरी होतं माह्याजवळ," तो म्हणाला. "मागच्या रविवारपर्यंत येत होतं. आता सापडूनच नाही राह्यलं."

अस्मिताने ती जागा गुणगुणून दाखवली.

"हां, हेच." त्याने बोट ठेवलं. नाही आलं. "तुले कसं माहीत हे?"

ती माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हा मी सांगितलं. माझ्या बासात ते आहे, पण मी वाजवलेलं नाही. आणि त्या दुपारी मनात काय म्हटलं तेही सांगितलं, मुलीसमोर, शब्दन् शब्द.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक फवारणीचं औषध विचारत आलं. प्रदीपने त्याला बाटली दिली, किती पाण्यात किती टाकायचं ते दोनदा समजावलं, पाठवलं. मग परत येऊन समोर बसला.

"तुम्ही म्हटल्यानं जात असतं ना दादा," तो म्हणाला, "तर ते कवाचंच गेलं असतं. गच्चीवर होतो तवापासून तुम्ही हेच म्हणून राह्यले."

त्याला माहीत होतं. इतकी वर्षं त्याला माहीत होतं, आणि तरी तो मला दादाच म्हणत आला. मला त्याच्या पोत्यांवर बसवेना.

परतीच्या एसटीत मी अस्मिताला म्हटलं, तो बास काढून टाकतो. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नका काढू. काकांजवळ तर ती घसरण राह्यली नाही, इकडून बी गेली तर कुठंच नाही उरणार."

जयंतीच्या मिरवणुकीत गाणं तसंच वाजलं. वस्ती नाचली. माझ्या सांगण्यावरून माइकवर बास वाजवणारा म्हणून प्रदीपचं नाव घेतलं. तो आलेला होता, आणि त्याला ते आवडलं नाही. "न वाजवलेल्याले माहं नाव काहून?" म्हणाला. मग डीजेच्या बॉक्सवर तळहात ठेवून गाणं संपेपर्यंत उभा राहिला. मी विचारलं, काही लागतंय का हाताला? तो म्हणाला, "हादरा लागते. घसरण नाही."

त्याचं बाकीचं वाजवणं पूर्वीसारखंच आहे. ऑर्केस्ट्रावाले अजून येतात. फक्त समेवर आता तो इतरांसारखाच सरळ उतरतो. साउंडचं काम करणाऱ्या एका माणसाला मी ती फाइल दाखवली. तो म्हणाला, सॉफ्टवेअर सूर खाली उतरवतं, आपल्या मनाने नवे सूर टाकत नाही. मग हे आलं कुठून, मी विचारलं. त्याने फाइल पुन्हा लावली. घसरण त्यालाही ऐकू आली होती.

मला याचं कारण सापडलेलं नाही, आणि कोणी दिलेलं पटलेलं नाही. मी आजही अशा गोष्टी मानत नाही, हे लिहूनसुद्धा. प्रदीपला दर महिन्याला फोन करतो, आलं का विचारतो, तो नाही म्हणतो आणि जेवलात का विचारतो. पण कबुली द्यायला बसलोच आहे तर शेवटचं तेवढंही सांगून टाकतो. ती फाइल मी अजून अधूनमधून ऐकतो, आणि दर वेळी मला हेवाच वाटतो. आयुष्यात एकदाच माझ्या वाट्याला काही न उलगडणारं आलं… आणि तेही प्रदीपच्याच हाताचं होतं.