पाणी बघायला आलेली माणसं

पत्रकाचा मथळा असा हवा की दुचाकीवरून जाणाऱ्यानं ब्रेक दाबून पाय टेकवला पाहिजे. हे मी कॉलेजात असल्यापासून शिकत आले. म्हणून त्या श्रावणात मथळा दिला, 'धरण फुटणार? जबाबदार कोण?' आणि खाली तळ्याचा पत्ता टाकला. पत्ता कशाला टाकलास, असं नंतर लोकांनी मला विचारलं. का टाकू नये? धोका कुठं आहे ते न सांगता धोक्याचं पत्रक काढायचं, म्हणजे लग्नाचं ठिकाण न सांगता अक्षता वाटायच्या.

तळं गगनबावड्याच्या वाटेवर, डांबरी रस्ता सोडून थोडं आत. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालून ते कुणीतरी पूर्वी ऊस भिजवायला केलेलं. बांधाच्या एका टोकाला सांडवा होता, म्हणजे जादा पाणी बाजूनं निघून जायची वाट. मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं की बांध संपतो, म्हणून ती वाट. शाळेतल्या पोराला समजेल इतकं सोपं.

नवीन मालकाला ते समजलं नाही. त्यानं तिथं रिसॉर्ट काढलं आणि तळं कायम काठोकाठ दिसावं, हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या गाळात रुतू नयेत, म्हणून सांडव्याच्या तोंडाला फळ्या लावून टाकल्या. फटींत मातीची पोती. सांडव्याच्या पुढच्या उतारावर हिरवळ अंथरली, हिरवळीवर लग्नासाठी कमान उभी केली. पाण्याच्या वाटेवर लग्नं लावायला निघालेला हा माणूस.

आणि बांधाच्या बरोबर खाली माझी आत्ती राहते. वडिलांची थोरली बहीण, एकटी, एक म्हैस, पत्र्याचा गोठा. सांडव्याचं पाणी तिच्या घराला लांबून वळसा घालून ओढ्याला मिळतं. बांधाचं पाणी वळसा घालणार नव्हतं. ते सरळ तिच्या चुलीत येणार होतं.

बांधाच्या पायथ्याशी पाझर असतोच. नितळ पाणी झिरपतंय तोवर फार घाबरायचं नसतं. त्या आठवड्यात ते चहासारखं झालं. म्हणजे बांधाची माती आतून निघून येत होती. मी आत्तीला म्हणाले, "पाऊस थांबेपर्यंत पेठेत आमच्याकडं चल."

"म्हस गाभण हाय. आज-उद्या व्यायची. तिला घिऊन शिवाजी पेठेत कुठं बांधू, तुझ्या पलंगाला?"

"मग मालकाला जाऊन सांग, फळ्या काढ म्हणून."

"त्येच्याकडं माझं दूध जातंय रोज. तू गप बस जरा. लई शिकलीस म्हणून सगळीकडं माईक लावून बोलायचं असतंय व्हय?"

मी गप बसणारी नाही. मालकाकडं गेले. तो छत्रीखाली उभा राहून होड्या मोजत होता. मी पाझराचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, जागा माझी, तळं माझं, पाणी माझं. सरकारचा एक पैसा लागलेला नाही."

"बांध तुमचा आहे. फुटल्यावर पाणी खाजगी राहत नाही."

"चहा घेणार?"

हा त्याचा युक्तिवाद. मग सरकारी कचेरीत गेले. तिथले साहेब म्हणाले की तळं खाजगी आहे, त्यामुळं ते त्यांच्याकडं येत नाही. मी विचारलं, फुटल्यावर येतं का? त्यांनी पंख्याकडं पाहिलं. म्हणून पत्रक. माझा चुलतभाऊ पेठेतल्या एका संघाचा गोलकीपर आहे. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी शनिवारी ते सगळीकडं वाटलं. मोबाइलवर तर ते आमच्या आधीच फिरत होतं.

रविवारी सकाळी आत्तीचा फोन आला. "पोरी, तू जत्रा भरवलीस की काय हितं?"

मी, भाऊ आणि त्याचे मित्र पोहोचलो तर खरंच जत्रा. कोल्हापूरच्या माणसाला तुम्ही पूर आलाय म्हणून सांगा, तो घरातलं सामान उचलायच्या आधी पाणी बघायला जाईल. हे मला माहीत होतं. मीही लहानपणापासून वडिलांच्या खांद्यावरून नदीचं पाणी बघत आले. तरी मथळा देताना हे डोक्यात आलं नाही. शे-दोनशे गाड्या. बायका, पोरं, म्हाताऱ्या. कणसं भाजणारा एकजण आणि त्याच्या शेजारी भज्याची कढई. आणि ही सगळी माणसं कुठं उभी? बांधावर. जो बांध फुटेल म्हणून मी छापलं होतं, त्याच्यावर रांगेनं उभं राहून ती फोटो काढत होती.

माझं डोकं फिरलं. भाऊ गाडीच्या टपावर चढला आणि मी खालून ओरडले, "खाली उतरा, बांध कच्चा आहे, जीव जाईल." एक काका कणीस खात म्हणाले, "व्हय, त्येच बघाय आलोय की."

"फुटला तर काका?"

"फुटला तर हितनंच झ्याक दिसंल."

मी त्यांना जबाबदारी, दुर्लक्ष, संगनमत, सगळे शब्द ऐकवले. कोणी हललं नाही. मग भाऊ वरून शांतपणे म्हणाला, "पावणं, हितं काय न्हाय दिसायचं. खरं पाणी पल्याड सांडव्यावर पडतंय. जावा की तिकडं."

बांध रिकामा झाला. एवढी शिस्त मी मोर्च्यात कधी पाहिली नाही. सगळी जत्रा सांडव्याच्या पक्क्या खडकावर जाऊन उभी राहिली, आणि तिथं तिला काय दिसलं? फळ्या. पोती. पलीकडं नुसती हिरवळ आणि कमान.

"पाणी कुठाय?"

"अडवलंय वाटतं."

"कुणी? एवढ्या लांबनं पेट्रोल जाळून आलोय राव."

गलका ऐकून मालक धावत आला. हातकणंगल्याहून आलेली एक बाई कडेवरचं पोर सावरत त्याला म्हणाली, "दादा, काढा की एक फळी. पोराला दाखवाय आणलंय."

मालक म्हणाला, खाली माझं लॉन आहे. कुणीतरी मागून म्हणालं, लॉन आमच्या घरासमोर बी हाय, पाणी दावा. मग हसणं, शिट्ट्या, आणि "काढ फळी, काढ फळी" असा ठेका. आठवडाभर मी ज्या माणसाला मातीचा दाब, पाझर, सांडवा समजावत होते, तो माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, एकच काढतो. मग जातील ना हे?"

"एकेकच काढायची," मी म्हणाले. "एकदम नाही." भाऊ मित्रांना घेऊन उतारावरची माणसं बाजूला करायला पळाला. ओढ्याच्या काठापर्यंत कोणी नाही, असा त्यानं हात केला. पहिली फळी निघाली.

पाणी हिरवळीवर पसरलं आणि लोकांनी असा आवाज केला जसा सामन्यात शेवटच्या क्षणी गोल झाल्यावर करतात. मग दुसरी फळी. तिसरीला मालकाचंही काही चाललं नाही, कारण पोतीच आपोआप सुटत गेली. आणि काठाची एक होडी दोरी तोडून निघाली. रिकामा पांढरा हंस सांडव्यावरून गचके खात उतरला, हिरवळीवरून तरंगत गेला आणि लग्नाच्या कमानीखालून नीट मधोमध पार झाला. एका म्हातारीनं त्याच्यावर कणसाचे दाणे उधळले. मी खडकावर बसले आणि पोट धरून हसले. मला उभं राहता येईना. आजही लिहिताना मला रागच लिहायचाय, पण तो हंस मध्ये येतो.

राग सांगते. त्या सगळ्या गर्दीत बांध वाचावा म्हणून एकही माणूस ओरडला नव्हता. त्यांना पाणी पडताना बघायचं होतं. बांध वाचला तो त्याच्यातून. मला ते आवडलेलं नाही. पण दुपारपर्यंत तळं हातभर उतरलं होतं आणि पायथ्याचा पाझर बारीक झाला होता.

मालक बांधाखाली आत्तीच्या दारात आला. अंगावर गवत, पायात एकच बूट. म्हणाला, "मावशी, ही तुमची भाची ना? उद्यापासून दूध पाठवू नका."

आत्ती जागरणानं तांबारलेल्या डोळ्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं मागं वळून बघितलंही नाही. "न्हाई धाडत. कोरा चहा प्या. आनी त्या फळ्या परत लावल्या न्हवं, तर ह्या वेळी मीच सांगावा धाडीन गावाला. हिच्यापेक्षा माझी वळख जास्त हाय."

तो एका बुटावर लंगडत गेला. मी आत्तीकडं बघत राहिले. ही बाई मला गप बस म्हणाली होती. मी म्हणाले, "तुला भीती वाटत नव्हती ना?"

"वाटंल कशापायी? माझी म्हस..." असं म्हणत ती गोठ्याच्या खांबाला टेकून खाली बसली. मला वाटलं पुढं शिव्या येतील, म्हणून मी वाट बघत थांबले. काहीच आलं नाही. वाकून पाहिलं तर ती बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं टाकून. वर सांडव्याकडं अजून शिट्ट्या चालू होत्या. भाऊ भज्यांचा पुडा घेऊन आला आणि मोठ्यानं काहीतरी बोलणार, इतक्यात मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.