मंगलताईने नेलेला माऊस

मंगलताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिचीच वाट बघत होतो. दर मंगळवारी ती चुडाव्याहून गाडीने पूर्णेला यायची. फोनवर तिचा भाऊ बोलत होता आणि मला मात्र जिन्यावर तिच्या काठीची टकटक ऐकू येत होती... महिना उलटला, तरी मंगळवारची दुपार कलली की ती टकटक होतेच.

ताई माझी मावसबहीण, जन्मापासून दृष्टी नसलेली. मी शाळांच्या, वाचनालयांच्या वेबसाइट बनवतो. माझ्या खोलीत ती इअरफोन लावून बसायची. स्क्रीन वाचणारा तो यंत्राचा आवाज इतका भरभर धावायचा, की मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. तिच्या चेहऱ्यावर मात्र कुठंतरी लांब फिरायला गेल्यासारखं हसू असायचं.

उभ्या आयुष्यात एक तरी अर्ज कुणाची मदत न घेता पुरा भरायचा, एवढीच तिची हौस. मी एका वाचनालयाचा सभासद फॉर्म केला होता. टॅबची कळ दाबत तिने तासभर एकेक रकाना भरला आणि शेवटी अडली.

"दत्ता, हे नुसतं बटण बटण म्हणायलंय. कशाचं बटण हाय?"

तिथं मी बाणाचं झकास चित्र टाकलं होतं. त्याला नाव द्यायचं सुचलंच नव्हतं. मी मागून हात घातला आणि माऊसने क्लिक करून मोकळा झालो. "झालं ताई, गेला फॉर्म!" मोठं पुण्य केल्याच्या थाटात.

तिने इअरफोन काढून ठेवले. "तू कशाला दाबलास? मग मी घंटाभर काय करायले होते?" तिने चाचपून माऊस काढला, वायर गुंडाळली आणि पर्समध्ये टाकला. "आता तू भर. बघू कसा भरतोस."

खरं सांगतो, मला रागच आला. पण माऊसवाचून बसलो आणि मीच बांधलेल्या घरात मला दार सापडेना. मग लाज वाटली. सगळा फॉर्म मोडून नव्याने केला. बटणांना नावं दिली, चित्रांखाली वर्णनं घातली, रकान्यांचा क्रम लावला. सोमवारी तिला फोनवर लिंक पाठवली, मंगळवारी ये म्हटलं...

पुढं कितीतरी दिवस तो फॉर्म उघडायचा धीर झाला नाही. उघडला, तेव्हा आलेल्या अर्जांच्या यादीत पहिलं नाव तिचं होतं. सोमवारी संध्याकाळीच भरलेला. 'सूचना' या रकान्यात लिहिलं होतं, "बटण बोलायलंय आता. माऊस माझ्याकडंच राहू दे."

परवा चुडाव्याला गेलो, तर मावशीने तो माऊस पुढं केला. "तुजी चीज हाय बाबा, घेऊन जा."

"राहू दे मावशी," मी म्हटलं. कोनाड्यात ताईच्या रेडिओशेजारी तो आहे, वायर तिने गुंडाळली तशीच. मी अजून टॅबच्या कळीवरच काम करतो. घाई झाली की हात सवयीने उजवीकडं जातो, मोकळ्या टेबलावर क्षणभर टेकतो... आणि परत येतो.