हॉलची कोरडी भिंत

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आईबाबांना नाही, जिला मी जवळपास सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. सांगण्यासारखं त्यात आहेच काय, असं मी स्वतःला पटवत आले — घर विकलं, एवढंच ना? लोक घरं विकतात. विकण्याआधी रंग देतात. रंग देणं हा काय गुन्हा आहे?

नाही. पण मी रंगापासून सुरुवात करते आहे, कारण रंगाबद्दल बोलणं सोपं आहे. खऱ्या गोष्टीपाशी यायला मला थोडं फिरून यावं लागेल.

आमचं घर भाईंदर पश्चिमेला, तळमजल्यावर. दारातून आत आलं की हॉल, मागे स्वयंपाकघर, बाजूला बेडरूम. हॉल आणि बेडरूम यांच्यामधली एक लांब भिंत — ही सगळी हकिकत त्या एका भिंतीची आहे. इमारतीखालची जमीन पूर्वी मिठागराची होती. भराव टाकला, पाया घातला, वर चार मजले चढवले. मीठ मात्र जिथल्या तिथेच राहिलं. जमिनीतलं पाणी विटांमधून हळूहळू वर चढतं आणि येताना मीठ घेऊन येतं. मग पाणी हवेत उडून जातं, मीठ भिंतीवर उरतं. हॉलच्या बाजूला वारा जास्त, म्हणून ते तिथेच फुटायचं — पांढरं, भुसभुशीत, रंगाचे पोपडे सोडवत. आई त्याला लोणा म्हणायची आणि दर दिवाळीला झाडूने झाडून काढायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी तिला त्याची कारणं समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली, आणि झाडू उचलला.

मग मला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. बाबा निवृत्त झाले होते, रायगडात गावचं घर होतं. एका संध्याकाळी, मी न मागताच, ते म्हणाले, ‘‘हे विकू. आम्ही गावी जातो, तू तिकडे जा.’’ अशा वेळी मुलीने निदान एकदा तरी ‘नको’ म्हणायचं असतं, नाही का? मी म्हटलं नाही. मी तारखा मोजू लागले.

घर विकेना. माणसं यायची, चपला काढायची, समोरची भिंत बघायची आणि पाणीसुद्धा न पिता निघायची. आमचे एजंट मुकेशभाई हे रोज बघत होते. शेवटी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘मॅडम, पार्टी घर नाय बघत. पार्टी दरवाजातून आत येते, समोर जी भिंत दिसते ना, ती बघते. किचन-बिचन सब बाद में.’’

मी कामाला लागले. निम्मं सामान बांधून माळ्यावर टाकलं, खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या, पिवळे दिवे काढून पांढरे लावले, दारातला चपलांचा ढीग कपाटात बंद केला. घर खरंच उजळलं. ही सगळी कामं प्रामाणिक होती — हे मी मुद्दाम नोंदवते आहे, कारण प्रामाणिकपणा नेमका कुठे संपला ते मला ठाऊक आहे. तो भिंतीपाशी संपला.

मी तेव्हा रंगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. हॉलच्या बाजूचा सगळा गिलावा मी खरवडायला लावला. आठवडाभर हीटर लावून भिंत वाळवली. तिच्यावर पाणी अजिबात आरपार न जाऊ देणाऱ्या इपॉक्सी लेपाचे दोन थर, वर पुट्टी, वर साईच्या रंगाचा हात. पाठ्यपुस्तकात दाखवावी अशी भिंत झाली. पण त्याच पाठ्यपुस्तकात पुढच्या पानावर काय लिहिलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं का? पाणी एका बाजूने बाहेर पडू शकलं नाही तर ते दुसऱ्या बाजूने पडतं. हॉलची बाजू मी बंद केली होती. दुसरी बाजू बेडरूमची होती.

आमच्या गल्लीतले धर्मामामा काम बघायला आले. त्यांच्या वडिलांची सगळी हयात मिठागरात गेलेली. त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला आणि हसले. ‘‘झकास केलीस गो पोरी. पन मीठ काय गेला न्हाय, भिंतीतच हाय. हिकडून तोंड बांधलास, तर तिकडून बोलंल.’’

मीही हसले. त्यांचं वाक्य माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं होतं, आणि नेमकं म्हणूनच मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

एप्रिलमध्ये वैशालीवहिनी आल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, जेसल पार्कात भाड्याने राहणाऱ्या. दागिन्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जात. सोबत नवरा आणि सासूबाई. नवरा मुकेशभाईंशी बोलत राहिला, सासूबाई खुर्चीवर बसल्या, आणि घर पाहिलं ते वहिनींनी. ओट्यावर हात टेकून उंची बघितली. बेडरूममध्ये जाऊन त्याच भिंतीच्या मागच्या बाजूला तळवा लावून म्हणाल्या, ‘‘ही तर छान कोरडी आहे.’’ मी म्हटलं, ‘‘हो, इथे कधीच ओल आली नाही.’’ ते खरं होतं.

मग त्यांनी विचारलं, ‘‘आणि हॉलला, ताई? तळमजला आहे म्हणून विचारते हं. पावसात ओल येते का?’’

प्रश्न सरळ होता. उत्तर एका शब्दाचं होतं. मी तो शब्द उच्चारला नाही. मी पर्स उघडली आणि प्रयोगशाळेतून आणलेलं ओलावा मोजायचं मीटर काढलं. त्याच्या दोन सुया हॉलच्या भिंतीला टेकवल्या आणि पडद्यावरचा आकडा वहिनींना दाखवला. आकडा अगदी कमी होता — का नसेल? सुया विटेपर्यंत पोहोचतच नव्हत्या, त्या माझ्या इपॉक्सीवर टेकल्या होत्या. मी म्हटलं, ‘‘बघा, तुमच्यासमोरच मोजलं.’’

वहिनी आकड्याकडे बघत राहिल्या. सासूबाई खुर्चीतूनच बोलल्या, ‘‘बघ. शिकलेलं माणूस मशीन लावून दाखवतंय, आणि हिच्या आपल्या शंका.’’ वहिनी ओशाळून हसल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘सॉरी हं, ताई.’’

त्या मला सॉरी म्हणाल्या.

तुम्हाला वाटेल, कबुली द्यायची ती हीच. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं. खोटं न बोलता केलेली फसवणूक — मी तिला असं नावसुद्धा ठेवलं होतं. नाव ठेवलं की गोष्ट जरा लांब जाते. पण खरी गोष्ट पुढे आहे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मला जर्मनीत त्यांचा फोन आला. आवाज दबका होता, कुणी ऐकू नये असा. ‘‘ताई, रागावू नका हं, तुम्हाला त्रास देतेय. बेडरूमच्या भिंतीला पांढरं पांढरं सुटतंय. तुमच्या वेळी तिथे काहीच नव्हतं ना? मग आमचंच काहीतरी चुकत असणार. सासूबाई म्हणतात, मी ओले कपडे आत वाळत घालते, त्याने होतंय. तुम्ही यातलं शिकलाय. खरंच त्याने होतं का हो?’’

मी तेव्हा विद्यापीठाच्या जिन्यात उभी होते. मला एकच शब्द म्हणायचा होता — ‘नाही.’ त्या एका शब्दाने त्यांच्या घरातला वाद त्या दिवशी मिटला असता. मी म्हटलं, ‘‘हो, वहिनी, होऊ शकतं. कपडे बाहेर घाला. खिडकी उघडी ठेवा, पंखा चालू ठेवा. हवा खेळती हवी.’’

कशासाठी? घर परत घ्यावं लागेल, ही भीती होती का? थोडी असेल. पण त्याहून जास्त मला काय नको होतं, ते आज मला स्वच्छ दिसतं — त्या वाक्यात मला कर्ता व्हायचं नव्हतं. त्यांनी स्वतःच दोष हातात घेऊन समोर धरला होता. मी तो त्यांच्याच पदरात बांधून दिला.

आणि मी दिलेला सल्ला चुकीचा होता, एवढंच नाही. तो उलटा होता. भिंतीवर वारा जितका जास्त, तितकं पाणी लवकर उडतं, तितकं मीठ जास्त फुटतं. हे मला माहीत होतं. जर्मनीत माझ्या अभ्यासाचा विषयच तो होता.

वर मी त्यांना फोटो पाठवायला सांगितले — महिन्याला एक, भिंतीला फूटपट्टी लावून, ओल जिथवर चढली असेल तिथे पेन्सिलने खूण करून. मी लक्ष ठेवते आहे, असं त्यांना वाटावं म्हणून सांगितलं, की मला ती निरीक्षणं हवी होती म्हणून? दोन्ही. वहिनींनी एकही महिना चुकवला नाही. प्रत्येक खुणेशेजारी सुरेख अक्षरात तारीख. खाली संदेश: ‘ताई, कपडे आता बाहेरच घालते.’ ‘ताई, खिडकी दिवसरात्र उघडी आहे, तरी चढतंय. माझंच काहीतरी राहतंय बहुतेक.’ त्यातला एक फोटो मी आमच्या वर्गातल्या सादरीकरणात वापरला. प्राध्यापकांनी विचारलं, इतकी शिस्तशीर नोंद कुणी ठेवली? मी म्हटलं, ओळखीच्या एक बाई आहेत.

या जानेवारीत मी सुट्टीवर आले आणि त्यांच्याकडे गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. वाक्यं तयार होती, क्रम तयार होता.

वहिनींनी चहा केला. बेडरूममध्ये कुणी झोपत नाही आता. उघड्या खिडकीतून डास येतात, गिलाव्याची भुकटी अंथरुणावर पडते. तिघंही हॉलमध्ये झोपतात. भिंतीवर पेन्सिलच्या खुणा एकीवर एक चढत खिडकीच्या कठड्याच्या उंचीच्याही वर गेल्या होत्या. सासूबाई मला त्या दाखवत म्हणाल्या, ‘‘हिला सगळं आत कोंडायची सवय. माहेरचं घरही तसलंच, अंधारं. चांगल्या घराची काय दशा केली बघा! तुमच्या आईने कसं ठेवलं होतं!’’

वहिनींनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, ‘‘आता नाही हो घालत कपडे आत, किती दिवस झाले.’’ मग माझ्याकडे वळून, जणू माझी समजूत घालायला हवी तशा स्वरात म्हणाल्या, ‘‘पण हॉलची भिंत बघा ताई, अजून ठणठणीत कोरडी. तुमच्या हातची आहे ना.’’

सासूबाई समोर होत्या. वहिनी समोर होत्या. बोलायची हीच वेळ होती, याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी चहा संपवला. कप आत नेऊन ठेवला. चहा छान झाला होता, असं म्हटलं. आणि निघाले.

जे वाक्य त्या दिवशी त्या दोघींसमोर म्हणायला हवं होतं, ते असं आहे —

वैशालीवहिनी, खिडकी लावून घ्या. कपडे हवे तिथे वाळत घाला. ती ओल तुमच्या हातून कधीच आली नाही. हॉलमधून ती तुमच्या खोलीत मी पाठवली, आणि तुम्ही कारण विचारलंत तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं.