आवळकोंडला एकोणतीस माणसं कमी

“एकोणतीस माणसं कमी आहेत, ताई. पाचशे नाहीत, तर या यादीत तुमचा रस्ता बसत नाही.”

आवळकोंडच्या सरपंच सुलभाताई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. “आमची मानसा मुंबयत कामाला हायत. ती गावाची नाय काय?”

“जनगणनेत इथं राहणारेच धरतात.”

मी तेव्हा संगमेश्वर तालुक्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. खेड्यांना बारमाही रस्ते देणारी नवी योजना आली होती. तिच्यात हिशेब गावाचा नव्हे, वस्तीचा. वस्ती म्हणजे एकत्र असलेली घरं. पाचशे किंवा त्याहून जास्त माणसांच्या वस्त्यांना आधी रस्ता. आवळकोंडची माणसं चारशे एकाहत्तर. हे समजावून सांगायला साहेबांनी मला पाठवलं होतं. कधी एकदा निघतो असं झालं होतं.

तेवढ्यात वरच्या कातळावरून आरडाओरडा ऐकू आला. गवत कापताना पार्वती नावाच्या बाईला फुरसं चावलं होतं. फुरसं म्हणजे कातळावरचा छोटा साप. याच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून लवकर दवाखाना गाठावा लागतो. डांबरी रस्ता तासभर लांब.

खुर्चीला दोन बांबू बांधले. उचलायला चौघं हवे होते. धडधाकट पुरुष मिळाले तीन. सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅग खाली ठेवली आणि बांबू खांद्यावर घेतला.

“गाडीवाटेनं नको, पऱ्यावरून चला,” पुढचा म्हणाला. पऱ्या म्हणजे ओढा. त्याच्यावर पायी जाण्यापुरता लाकडी साकव होता. पार्वतीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ती सारखी विचारत होती, “किती ऱ्हायला?” मला ठाऊक नव्हतं.

साकव ओलांडला आणि लगेच पलीकडचा मोहल्ला लागला. आखातातून सुट्टीवर आलेले इस्माईलभाई धावत आले. “साहेब, सोडा, तुम्ही दमलात.” त्यांच्याबरोबरच्या तिघांनीही बांबू घेतले. खुर्ची झपाझप पुढे गेली.

मी तिथेच उभा राहिलो. मागे पाहिलं, तर आवळकोंडची घरं हाकेच्या अंतरावर होती. योजनेत एक नियम होता : पाचशे मीटरच्या आतल्या दोन वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. मोहल्ल्यात एकशे चाळीस माणसं होती. आणि आवळकोंडच्या फॉर्मवर ‘जवळच्या वस्तीचं अंतर’ या रकान्यात ‘दोन किलोमीटर’ असं मीच लिहिलं होतं. ऑफिसात बसून, नकाशावरची वळसा घालून जाणारी गाडीवाट मोजून.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी टेप घेऊन परत गेलो. आवळकोंडच्या शेवटच्या घरापासून मोहल्ल्याच्या पहिल्या घरापर्यंत तीनशे चाळीस मीटर. दोनदा मोजलं.

साहेबांनी कागद पाहिला. “म्हणजे जागेवर न जाता सही केलीस?”

“हो, साहेब.”

“यादी जायला चार दिवस आहेत. दुरुस्ती करायची तर चूक तुझी, असं लेखी द्यावं लागेल. देशील?”

“देतो.”

“मेमो मिळेल.”

“मिळू दे.”

मेमो तिसऱ्याच दिवशी हातात पडला. मंजुरीला मात्र आठ महिने लागले. तोवर टपाल आलं की माझा हात आधी त्या गठ्ठ्याकडे जायचा.

रस्ता झाला. साकवाच्या जागी छोटा पूलही झाला. पार्वतीताई वाचल्या, पण डाव्या पायाची दोन बोटं गेली. काम चालू असताना त्या एकदा साइटवर आल्या. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं.

“सायब, ता टेप आदीच का नाय आनलाव?”

मी टेप गुंडाळत राहिलो.

पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी सांगत आलो : अंतराचा रकाना दिसला की आधी चालून ये, मग पेन काढ. मेमोचं मात्र कुणाला सांगितलं नाही.