शून्याच्या तेरा ओळी

दादाचं दहावं-बारावं उरकलं आणि तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. रडू आलं नव्हतंच. नातेवाईक म्हणाले, पोरगी दगडाची आहे. असेन बाई.

माझं काम सांगायला गेलं की लोक जांभया देतात. पवनचक्क्यांमधून पुढच्या काही तासांत किती वीज येईल, ते पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून आधीच कळवायचं. हा अंदाज काढतं डीप लर्निंगचं मॉडेल. त्याला जुन्या नोंदी वाचायला द्यायच्या, वारा एवढा होता तेव्हा वीज एवढी आली, अशा ढीगभर ओळी. त्या वाचून ते शिकतं. आम्ही त्याचे मास्तर, पण शिकवण्यापेक्षा पुसण्यातच आमचा दिवस जातो. वारा चांगला असून वीज शून्य दिसली की समजायचं, चक्की कुणीतरी बंद ठेवली होती. ती ओळ काढून टाकायची, नाहीतर मॉडेल भलतंच शिकून बसतं.

हा 'कुणीतरी' बऱ्याचदा दादाच असायचा, माझा मोठा भाऊ. घाटावरच्या पठारावर तो पवनचक्क्या दुरुस्त करायचा. माझी ही नोकरीही त्यानेच सुचवलेली. सुट्टीवर जूचंद्रला घरी आला की चिडवायचा, "तू पंख्याखाली बसून वाऱ्याचं भविष्य सांग. शिड्या चढायला मी आहेच."

त्या दिवशी चक्कीवर चढल्यावर त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. यात कुणाचा दोष नाही, मी शोधून पाहिला. त्याच्याबरोबरचे लोक घरी आले, आईच्या पाया पडले. आईने प्रत्येकाला एकच विचारलं, "किती येल व्हता रं तो वरती?" आणि प्रत्येकजण म्हणाला, "लगेच उतरवला, आई. लगेच."

माझ्यासमोर नेमका तोच महिना आला. त्याचं पठार, त्याची चक्की, तो दिवस. वारा झकास होता. सव्वादहाच्या ओळीत शून्य. साडेदहाला शून्य. मी खाली सरकत गेले. तेरा ओळी शून्य, आणि दीड वाजता पुन्हा भरघोस आकडा. माणूस वर असताना चक्की सुरू करत नाहीत, हे त्यानेच मला सांगितलेलं. म्हणजे सव्वातीन तास तो वर होता. आणि तो खाली आल्या आल्या चक्की फिरायला लागली होती. कुठेतरी बसलेल्या कुणीतरी बटण दाबलं असेल.

मला राग यायला हवा होता. नाही आला. हात आपोआप चालले, तेरा ओळी निवडल्या, काढून टाकल्या. जेवणाआधी मॉडेल पुन्हा शिकायला बसवलं, जेवणानंतर बघितलं तर चूक कमी झाली होती. ऑफिसातल्या मॅडमचा मेसेज आला, "अरे वा, मस्त!" मी अंगठा पाठवला.

बाहेर ओटीवर आई वाल सोलत बसली होती. समोरच्या नव्या बिल्डिंगचं काम चालू होतं, धूळ उडत होती, तिला त्याचं काही नव्हतं. मी बसले तशी तिने विचारलंच.

"तुझ्या त्या कंप्युटरात सगला दिसतो ना गो? किती येल व्हता तो वरती?"

"अर्धा तास," मी म्हणाले. "फार नाही."

तिने वर पाहिलंही नाही. वालाची सालं बाजूला सारत म्हणाली, "वर पोचला का मना फोन करायचा, रोज. त्या दिसी नाय केला. मंग मीच लावला. नाय उचलला. लावतच ऱ्हायले. दीडला उचलला, तो दुसऱ्याच मानसानं."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. कोण खरं बोलतंय तेवढंच ती इतके दिवस बघत होती, आणि मीही त्या रांगेत जाऊन उभी राहिले होते. लाज वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

"सव्वातीन तास होता," मी म्हणाले.

आईचे हात थांबले.

"तवर मी त्याला शिव्या घालीत व्हते गो," ती म्हणाली. "मेल्या, फोन का उचलत नाय, म्हनून."